ब्लेझारचा भडका छापलात, आता त्याच्या मागची वर्षंही छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात दूरच्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचा ‘अचानक भडका, शास्त्रज्ञ थक्क’ अशी बातमी आली होती. अशा विषयाला तुम्ही चार कॉलम दिलेत याचा खूप आनंद झाला, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून वाटेल की ही बाई भांडायलाच बसलीये. पण ‘अचानक’ आणि ‘थक्क’ हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. अशा कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेला असला की त्या आकाशगंगेच्या गाभ्याला ब्लेझार म्हणतात, आणि ब्लेझार भडकतो, मंदावतो, परत भडकतो, त्याचा स्वभावच तो आहे आणि साठ वर्षं माणसं तो धीर धरून मोजतायत. बातमीत या मोजण्याचं एक वाक्यही नव्हतं, म्हणून हे पत्र.

आकाशगंगेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं, त्यात पडणाऱ्या वायूतला थोडा भाग दोन बाजूंना झोतासारखा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. झोत आडवा दिसला तर आपण रेडिओ आकाशगंगा म्हणतो आणि तो नेमका आपल्याकडे रोखलेला असेल तर ब्लेझार, मग त्याचा उजेड कितीतरी पटींनी वाढून दिसतो आणि झोतातली बारीकशी खळबळही मोठी वाटते. रेडिओ आकाशगंगेचे बाहेरचे फुगे लाखो प्रकाशवर्षं पसरलेले असतात, ते आपल्या आयुष्यात काय बदलणार, पण तिचा गाभा बदलतो. ३सी ८४ घ्या, ययाती तारकासमूहाकडे दिसणाऱ्या दीर्घिकांच्या गुच्छात मधोमध बसलेली. तिच्या गाभ्याचा रेडिओ उजेड साठच्या दशकापासून चढत गेला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टोकाला पोचला, मग वीसेक वर्षं उतरत राहिला आणि २००५ च्या आसपास परत चढायला लागला. एक चढ आणि एक उतार बघायला नोकरीची सगळी वर्षं जातात हो, याला अचानक कसं म्हणायचं?

बीएल लॅसर्टी या ब्लेझारची गोष्ट तर मला फारच आवडते. हंस आणि देवयानी यांच्या मधल्या बारक्या तारकासमूहात १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांना एक चंचल ठिपका सापडला, त्यांनी तो रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणारा तारा म्हणून नोंदला आणि जवळजवळ ४० वर्षं तो ताऱ्यांच्या यादीतच पडून होता. १९६८ मध्ये कळलं की तिथूनच जोरदार रेडिओ लहरी येतायत, आणि पुढे हेही कळलं की तो तारा नसून सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षं लांबच्या आकाशगंगेचा गाभा आहे. ३सी २७३ या अशाच दुसऱ्या स्रोताचंही तसंच, १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ श्मिट यांनी त्याचं अंतर ओळखलं आणि त्याच वर्षी हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या काचेच्या प्लेटा काढून बघितलं तर हा एकोणिसाव्या शतकापासून कमीजास्त होतच होता, फोटो सगळे होते, फक्त त्या ठिपक्याकडे बघायचं कारण कुणाला माहीत नव्हतं.

रेडिओत दीर्घकाळ मोजणारे दोन गट मला फार मोठे वाटतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची २६ मीटरची डिश १९६५ पासून, आणि फिनलंडमध्ये मेत्साहोवी वेधशाळेची साधारण १४ मीटरची डिश १९८० च्या सुमारापासून. जगातल्या मोठ्या दुर्बिणींपुढे या लहानच, पण त्या रोज त्याच त्या स्रोतांकडे वळत राहिल्या. भडका आधी ३७ गिगाहर्ट्झ या वरच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीला दिसतो, मग १४ला, मग ४.८ला, कारण झोतातला गोळा फुगत जातो तसा एकेका फ्रिक्वेन्सीला पारदर्शक होतो, आणि हे आलेखावर बघताना लाट एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकल्यासारखी दिसते. या दोन्हींचा डेटा एकत्र करून निघालं ते असं की मोठे रेडिओ भडके सरासरी सहाएक वर्षांनी येतात आणि एकेक साधारण अडीच वर्षं चालतो. म्हणजे दोन वर्षांचं निरीक्षण हातात असेल तर तुम्ही फक्त चढ बघितलाय किंवा फक्त उतार.

हे मी स्वतः चटका बसून शिकलेय. माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे, गेली नऊ वर्षं जमेल तशी ओजे २८७ या ब्लेझारची नोंद ठेवते. कर्केतल्या त्या सुंदर तारकागुच्छाच्या पूर्वेला साडेतीन अंशांवर, एकेक मिनिटाचे वीस फोटो एकावर एक चढवले की मधे एक फिकट ठिपका उमटतो, मग शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत, म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, काढायची. मधे एका दुसऱ्या ब्लेझारचा नेटवर मिळणारा डेटा घेऊन आलेख काढला तर स्वच्छ तीन वर्षांची लय दिसली, तीन चढ, तीन उतार, अगदी सारखे. रात्रभर झोप नाही. पुढच्या दोन वर्षांत चढ यायच्या जागी काहीच आलं नाही आणि लय मोडली ती मोडलीच. ब्लेझारचा उजेड असा हळूहळू वाहवत जातो की निव्वळ योगायोगानेही दोन-तीन आवर्तनं खरी वाटावीत अशी तयार होतात. त्यामुळे आता कुठे ‘आवर्तन सापडलं’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती वेळा फिरलं?

ओजे २८७ ची नोंद जुन्या प्लेटांमुळे १८८८ पर्यंत मागे जाते, आणि त्यातूनच १२ वर्षांनी येणारे भडके दिसले, ते १९८८ मध्ये फिनलंडच्या लोकांनी मांडलं. एकाभोवती एक फिरणारी दोन कृष्णविवरं, मोठं वस्तुमानाने सूर्याच्या १८ अब्ज पट, असं गणित बसवलं गेलं आणि त्यावरून ३१ जुलै २०१९ चा भडका आधी सांगितला गेला. अडचण अशी की हा ठिपका सूर्याच्या वाटेवरच आहे, दरवर्षी जुलै-ऑगस्टात सूर्य त्याच्यापुढून जातो आणि पृथ्वीवरची एकही दुर्बीण त्याला बघू शकत नाही. स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण पृथ्वीच्या मागे लांब राहिलेली होती म्हणून तिला दिसला, सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत! पण दुसऱ्या गटाचं म्हणणं आहे की २०२२ च्या शेवटी अपेक्षित भडका आलाच नाही, आणि मोठं कृष्णविवर सुमारे १० कोटी सूर्यांएवढंच असावं. वाद चालू आहे आणि तो मिटेल तो पुढच्या निरीक्षणांनीच.

पीकेएस २१३१-०२१ हा ब्लेझार तर याहून बोलकं उदाहरण आहे. त्याचा रेडिओ उजेड साधारण पाच वर्षांच्या सुबक लाटेत वरखाली होतो, २००३ पासून. २०२२ मध्ये जुना डेटा उकरला तर तीच लाट, त्याच ठेक्यात, १९७५ ते १९८३ दरम्यानही सापडली, मधली वीस वर्षं गायब! त्या काळात ज्यांनी ते आकडे उतरवले त्यांना लाट वगैरे काही शोधायचं नव्हतं, ते फक्त नेमाने मोजत होते.

आणि मग हार्वर्डने पन्नासच्या दशकात खर्च वाचवायला प्लेटा घेणं थांबवलं तेव्हाची मोकळी जागा आठवते, ती वर्षं आता कुठलीही दुर्बीण भरून देऊ शकत नाही. मिशिगनचं मोजणं २०१२ मध्ये थांबलं. मला हे वाचताना खरंच वाईट वाटतं, एखादी दुर्बीण नवी दिसते म्हणून तिला पैसे मिळतात आणि रोज मोजणारी डिश कंटाळवाणी वाटून बंद पडते.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी भडक्याची बातमी आली की रंगीत चित्राच्या शेजारी दोन इंचांची जागा आलेखाला द्या, मागच्या निदान वीस वर्षांचा, आणि त्याखाली तो कुणी मोजला ते लिहा. ओजे २८७ सप्टेंबरात पहाटे पूर्वेला परत दिसायला लागेल, तेव्हाची माझी पहिली नोंद मी तुम्हाला पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक