क्वर्कल शिकवणाऱ्या काकूंना, आभारासह

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मुलांच्या विभागात क्वर्कलचा, म्हणजे रंग आणि आकार जुळवत ठोकळ्यांच्या रांगा लावायच्या खेळाचा, डबा आला, तेव्हा त्यातला नियमांचा कागद तुम्ही नुसता मराठीत उतरवून दिला नाहीत. कुठे माणसं अडतात, कुठे भांडणं होतात आणि गुण मोजताना कुठे घोळ होतो, ते सगळं तुम्ही त्या दोन पानांत नीट लिहिलंत. आज तिथे येणारी कितीतरी मुलं आणि त्यांचे आईबाबा त्या दोन पानांवर खेळ शिकतात, त्यातल्या अनेकांना तुम्ही माहीतही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत. तुम्ही काय काय शिकवलंत ते यात आहे, म्हणजे ज्यांच्या हाती ती पानं पडली नाहीत त्यांनाही ते मिळेल.

हा खेळ सुझन मॅकिन्ली रॉस या अमेरिकन रचनाकार बाईंचा. माइंडवेअर कंपनीने तो २००६ मध्ये बाजारात आणला आणि २०११ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. पट नाही, फासे नाहीत. एक कापडी पिशवी आणि १०८ काळे लाकडी ठोकळे, एवढंच सामान. सहा रंग: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. सहा आकार, ज्यांना तुम्ही दिलेली नावंच आता सगळे वापरतात: गोल, चौकोन, चौकट, किलवर, फुली आणि चांदणी. सहा गुणिले सहा म्हणजे ३६ प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराचे तीन ठोकळे. दोन ते चार जणांनी खेळायचं, साधारण पाऊण तास लागतो.

सुरुवात करण्याआधी ठोकळे मोजायची सवय तुम्ही लावलीत, तिच्याबद्दल पहिले आभार. रंगांप्रमाणे सहा ढीग करायचे, प्रत्येकात १८ भरले पाहिजेत. कमी भरले तर त्या ढिगातले आकार लावून बघायचे, प्रत्येक आकाराचे तीन हवेत. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं आणि एखादा ठोकळा कपाटाखाली राहिला असेल, तर शेवटी हिशेब करून खेळणाऱ्याचा अंदाज साफ चुकतो आणि का चुकला ते कळतही नाही.

मग प्रत्येकाने पिशवीतून न बघता सहा ठोकळे घ्यायचे आणि इतरांना दिसणार नाहीत असे आपल्यासमोर उभे ठेवायचे. आपल्या सहांतून एकाच रंगाचे किंवा एकाच आकाराचे जास्तीत जास्त किती निघतात ते प्रत्येकाने सांगायचं. इथे जुळे ठोकळे, म्हणजे रंग आणि आकार दोन्ही सारखे असलेले, एकच धरायचे. ज्याचा आकडा मोठा तो ती रांग मांडून सुरुवात करतो. बरोबरी झाली तर वयाने मोठा असेल तो आधी.

पुढे प्रत्येक पाळीला दोनच मार्ग. एक तर ठोकळे लावा, गुण मोजा आणि पिशवीतून पुन्हा सहा पुरे करा. नाहीतर हातातले हवे तेवढे ठोकळे बदलून घ्या, पण मग त्या पाळीला गुण नाहीत. बदलताना क्रम महत्त्वाचा: नको असलेले आधी बाजूला काढायचे, तेवढेच नवे घ्यायचे, आणि मगच जुने पिशवीत टाकून पिशवी हलवायची. उलट केलं तर टाकलेलेच परत हाताला लागू शकतात.

ठोकळे लावायचा नियम एका वाक्यात मावतो: एका रांगेत एक तर रंग एक आणि आकार सगळे वेगळे, नाहीतर आकार एक आणि रंग सगळे वेगळे. म्हणून कुठलीही रांग सहापेक्षा लांब होऊ शकत नाही. एका पाळीत लावलेले सगळे ठोकळे एकाच सरळ रांगेत यायला हवेत. ते एकमेकांना चिकटलेच पाहिजेत असं नाही, एक रांगेच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला चालतो, मधे खंड मात्र नको. एक ठोकळा इथे आणि दुसरा टेबलाच्या पलीकडे, हे नवखी मुलं हमखास करतात.

वाक्य सोपं असलं तरी चुका होतातच, आणि तुमच्या पानांचा खरा उपयोग इथेच झाला. लाल गोल आणि लाल चौकोन अशी रांग असेल तर तिच्या पुढे हिरवा चौकोन लावायचा मोह होतो, कारण शेजारच्याशी आकार जुळतो. पण ती रांग लालची ठरून गेली आहे. शेजारी बघून चालत नाही, पूर्ण रांग बघावी लागते. दुसरी चूक अशी की तिला अनुभवी माणसंही फसतात. समजा एका बाजूला लाल चांदणी, लाल गोल, मग एक रिकामं घर, मग लाल चौकोन, लाल चांदणी. दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मधल्या घरात लाल किलवर टाकला की दोन्ही जोडले जाऊन एक रांग होते आणि तिच्यात लाल चांदणी दोनदा येते. चाल बाद. म्हणून तुम्ही सांगितलंत, ठोकळा टेकवण्याआधी बोट एकदा आडवं फिरवा, एकदा उभं फिरवा, दोन्हीकडे रांग संपेपर्यंत. लहान मुलं हे अगदी मनापासून करतात आणि त्यांच्या चुका मोठ्यांपेक्षा कमी होतात.

गुणांचं गणित. तुमच्या चालीने जी जी रांग तयार झाली किंवा वाढली, तिच्यातल्या प्रत्येक ठोकळ्याला एक गुण. नव्या ठोकळ्यांनाच नाही, आधीपासून असलेल्यांनाही. एकच ठोकळा आडव्या आणि उभ्या अशा दोन रांगांत असेल तर दोनदा मोजायचा. एकट्या ठोकळ्याची रांग होत नाही, ज्या दिशेला शेजारी कुणी नाही तिथे गुण धरायचा नाही. सहाची रांग पूर्ण केली की तिला क्वर्कल म्हणतात: सहा गुण रांगेचे आणि सहा वरचे, एकूण १२.

तुमच्या पानावर काढलेलं उदाहरण इथे देतोच, कारण ते समजलं की खेळ समजला. टेबलावर आडवी रांग आहे: लाल गोल, लाल चौकोन, लाल किलवर. तुमच्या हातात लाल फुली आहे आणि हिरवा गोल, हिरवा चौकोन, हिरवा किलवर हेही आहेत. लाल फुली टोकाला लावली तर चार गुण. त्याऐवजी तिन्ही हिरवे लाल रांगेच्या बरोबर खाली, गोलाखाली गोल, चौकोनाखाली चौकोन, किलवरखाली किलवर असे लावले तर? हिरवी आडवी रांग तीनची, म्हणून तीन. खाली तीन उभ्या जोड्या, दोन-दोनच्या, म्हणून सहा. एकूण नऊ. ‘आडवी तीन, उभ्या दोन, दोन, दोन’ असं मोठ्याने म्हणत मोजायचं आणि लिहिणारा एकच माणूस ठेवायचा, ही तुमची पद्धत सुरू झाल्यापासून गुणांवरून वाद जवळजवळ संपले. मनातल्या मनात मोजणारा माणूस उभ्या जोड्या विसरतो, आणि तोटा त्याचाच होतो.

आता पाचच्या रांगेबद्दल. क्वर्कल थोडाफार येणारा कुणीही सांगतो की पाचची रांग कधी करू नये, कारण तुम्हाला पाच गुण मिळतात आणि पुढचा खेळाडू एक ठोकळा लावून १२ घेऊन जातो. तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. कधी करू नये आणि कधी खुशाल करावी, हे तुम्ही आकड्यांनी दाखवलंत, आणि आमच्या मते या खेळातली सगळ्यात मोलाची शिकवण तीच आहे.

समजा लाल रांगेत पाच झाले आणि फक्त लाल चांदणी राहिली. ती तुमच्याकडे नाही, असती तर तुम्हीच लावली असती. टेबलावर १२ ठोकळे आहेत, तुमचे सहा, म्हणजे न दिसणारे ९०. त्यांत लाल चांदण्या तीन. दोघांच्या खेळात समोरच्याच्या सहांत निदान एक असण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, म्हणजे पाचांत एकदा. चौघांच्या खेळात इतर तिघांकडे मिळून १८ ठोकळे असतात, तिथे तीच शक्यता ४९ टक्क्यांच्या आसपास जाते. तोच ठोकळा, तीच रांग, पण दोघांत जे धाडस चालून जातं ते चौघांत नाणं उडवण्याइतकं बेभरवशाचं होतं. एक लाल चांदणी दुसरीकडे कुठे लागून गेली असेल तर हे आकडे १३ आणि ३६ टक्क्यांवर येतात, दोन लागल्या असतील तर ७ आणि २० वर. आणि तिन्ही टेबलावर दिसत असतील तर ती रांग कधीच पूर्ण होणार नाही. पाच गुण बिनधास्त घ्या.

रांग मेलेली असण्याचं दुसरंही कारण असतं, ते फार कमी जण बघतात. रांगेच्या टोकाशी जे रिकामं घर आहे, त्याच्या लगेच वर किंवा खाली आधीच एखादा ठोकळा असेल, समजा निळा किलवर, तर तिथे लाल चांदणी बसूच शकत नाही, कारण निळ्या किलवरशी तिचा रंगही जुळत नाही आणि आकारही. दोन्ही टोकं अशी बंद झाली की पाचची रांग सुरक्षित. यातूनच अडवायची युक्ती निघते: समोरच्याच्या फायद्याची चारची रांग दिसली आणि आपल्याला ती वाढवता येत नसेल, तर तिच्या टोकाच्या घराशेजारी न जुळणारा ठोकळा येईल अशी चाल करायची. मात्र एकच टोक बंद करून समाधान मानू नये, दुसरं उघडं असेल तर रांग तिकडून वाढते.

चारची रांग सहसा चालते, कारण पुढच्याकडे नेमके दोन्ही उरलेले ठोकळे असावे लागतात. म्हणूनच खेळ मध्यावर आला की टेबलावर चारच्या रांगा साचतात आणि सगळे त्यांना हात लावायला कचरतात. अशा वेळी वर सांगितलेली, लाल रांगेखाली हिरवी लावली तशी, समांतर रांगेची चाल उपयोगी पडते. तिच्यात पाचची रांग न करता गुण वाढतात.

हातात काय ठेवायचं, यावर तुमचं मत ठाम होतं आणि ते बरोबर आहे. जुळे ठोकळे हातात ठेवू नयेत. ते दोन्ही एका रांगेत कधीच बसत नाहीत, मग सहाच्या जागी तुम्ही पाचांवरच खेळत असता. एक गुण कमी मिळाला तरी चालेल, पण जुळ्यातला एक पहिल्या संधीला लावून टाकावा. हातात एका रंगाचे किंवा एका आकाराचे तीन वेगवेगळे जमले असतील तर मात्र ते फोडायची घाई नको, कारण तीनच्या रांगेला ते जुळले की एका पाळीत १२ होतात. बदली मात्र लोक उगाच टाळतात. जेव्हा दोन-तीन गुणांपलीकडे काही मिळत नाही आणि त्या चालीने समोरच्याला मोठी रांग उघडी होते, तेव्हा ठोकळे बदलणं स्वस्त पडतं.

पिशवी रिकामी झाली की खेळ थांबत नाही. आहे त्या ठोकळ्यांवर पाळ्या चालू राहतात, आणि ज्याचा हात सगळ्यात आधी रिकामा होतो त्याला सहा गुण जास्त मिळून खेळ संपतो. कुणालाच काही लावता येत नसेल तर तिथेच संपतो, ते सहा गुण कुणालाच नाहीत. इथे तुमचा सहा बाय सहाचा तक्ता कामाला येतो. वर रंग, बाजूला आकार, आणि ठोकळा टेबलावर आला की त्या घरात एक रेघ. तीन रेघा झाल्या की तो प्रकार संपला. दोघांच्या खेळात पिशवी रिकामी होताच तक्त्यात जे भरायचं राहिलं त्यातून आपले वजा केले की समोरच्याचा हात जसाच्या तसा समजतो. मग जो ठोकळा एकाच जागी बसतो तो आधी लावायचा, चार जागी बसणारा मागे ठेवायचा.

तुमच्या पानांना आम्ही दोन गोष्टी जोडल्या आहेत. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी, तसंच निळा आणि जांभळा यांत गल्लत होते, म्हणून पांढऱ्या दिव्याखाली बसावं. ज्यांना रंग ओळखायला अडचण आहे त्यांच्यासाठी ठोकळ्याच्या तोंडावर कोपऱ्यात रंगाचं पहिलं अक्षर लिहावं, मागे नको, नाहीतर तो ठोकळा समोरच्याला ओळखता येतो. आणि पुठ्ठ्याचा संच घरी करणाऱ्यांसाठी: सगळे १०८ एकाच जाडीच्या पुठ्ठ्यातून कापा, वरचं चित्र रंगवा, चिकटवू नका. जाडी वेगळी झाली की पिशवीत हात घातल्यावर बोटांना ठोकळा ओळखू येतो.

तुमची हरकत नसेल तर या दोन सूचनांसह त्या पानांच्या प्रती काढून प्रत्येक डब्यात एक ठेवावी, असं मनात आहे. खाली नाव तुमचंच राहील. तक्त्याच्या कोऱ्या प्रतीही सोबत ठेवू, त्या सगळ्यात आधी संपतात.

मनापासून आभार, काकू.

आपली,
वाचनालयात क्वर्कल खेळणारी मंडळी