मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईलाही विचारा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या बाईकच्या नादावर लेख आला होता तो वाचला. लिहिलाय चांगला, पण त्यात बायको आली ती फक्त चावी लपवणारी आणि "आता पोरं झाली, विका ती गाडी" म्हणणारी. बाईकवर काहीही लिहायचं म्हटलं की हे ठरलेलंच, नवरा स्वप्नाळू आणि बायको म्हणजे घरातली आरटीओ. मी लग्नाच्या आधीपासून मागच्या सीटवर बसत आलेय, तर मागून काय दिसतं ते लिहिते, छापलं तर छापा.

आमच्याकडं सासऱ्यांची जुनी बुलेट होती, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेकवाली. ती चालू करायची म्हणजे अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबायचा आणि मग किक, आणि नवख्या माणसानं घाई केली की किक उलटी येऊन पिंढरीवर बसायची. तिच्यावरून आम्ही सज्जनगड, ठोसेघर, कास सगळं फिरलो. आईसुद्धा, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन्ही पाय एका बाजूला टाकून मांडीवर भाजीची पिशवी घेऊन मंडईतून घरी यायच्या तिच्यावर. मग मला दिवस राहिले तेव्हा बसणं बंद झालं, मुलगी झाली, सासरे गेले, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले आणि बुलेट शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. पुढं हप्ते जरा हलके झाल्यावर २०१९ ला ह्यांनी साडेसहाशे सीसीची घेतली, दोन सिलिंडर, वजन दोनशे किलोच्या वर. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता बारावीत आहे. आईंचे गुडघे गेलेत, त्यांना बाईकवर चढवणं शक्य नाही म्हणून सेकंडहँड वॅगनआर आली. आता दोन गाड्यांचा इन्शुरन्स, पुढच्या वर्षी पुण्यात हॉस्टेल, आईंची फिजिओथेरपी, त्यामुळं घरात विषय निघालाय की मोठी बाईक ठेवायची का विकायची. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्या ४० टक्के जीएसटीत गेल्या आणि खालच्या १८ मध्ये आल्या, तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण येऊन सांगतो की नवी महागली, जुनीला भाव येईल, काढून टाका. दीर तर दर रविवारी सांगतो. त्याला स्वतःला हवीय हे वेगळं.

माझं म्हणणं ठेवायची. कारण सोपं आहे, गाडीवर असताना मला फोन उचलता येत नाही आणि मला कोणी हाक मारत नाही, कारमध्ये मागं आई असतात, मुलीचं चार्जर हरवलेलं असतं, एसी कमी-जास्त करायचा असतो. पण ठेवायची तर माझ्या अटीवर, आणि खरं तर हे पत्र त्या अटींसाठीच आहे कारण आमच्या घरापुरता हा विषय नाही.

पहिली गोष्ट साडी गार्ड. मोठी बाईक घरी आली की पहिल्या आठवड्यात साडी गार्ड काढून टाकायचं ही एक फॅशनच झालीय, गाडीचा लुक जातो म्हणे. आरसे छोटे करतील, मागचं हँडल काढतील, आणि गार्ड तर माळ्यावर. अहो ते काही शोरूमवाल्यानं हौसेनं लावलेलं लोखंड नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियमच आहे, मागं बसणाऱ्याला धरायला हँडल पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे आणि मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं कव्हर पाहिजे म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. ह्यांनीही काढलं होतं. मेढ्याच्या रस्त्याला माझी ओढणी चाकात गेली, एकदम खांद्याला हिसका बसला आणि ओढणी गायब, गाडी थांबवून बघितलं तर तिचं चेन आणि स्पोकमध्ये दोरखंड झालेलं, काळं ग्रीस लागलेलं, चाकू घेऊन कापून काढावी लागली. खांद्याला पिन लावली नव्हती म्हणून ती सुटून गेली, पिन असती तर मीही गेले असते तिच्या मागं. संध्याकाळी हे माळ्यावर चढले आणि एक शब्द न बोलता गार्ड लावून टाकलं. त्यांच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांचं अजून माळ्यावरच आहे, बायका त्यांच्याही बसतात मागं.

दुसरं हेल्मेट. पुढच्याच्या डोक्यात दहा-बारा हजाराचं, मागचीच्या डोक्यात काही नाही, नाहीतर रस्त्याकडेला मिळतं ते टोपलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दोघांनाही लागू आहे, पुढच्याला वेगळं आणि मागच्याला वेगळं असं काही नाही, चार वर्षांच्या वरच्या पोरालाही हेल्मेट आहे. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्याला चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा पाहिजे, नऊ महिन्यांच्या वरच्या पोराला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग ४० च्या वर नाही. टाकीवर पोरगं बसवून हायवेला जाणाऱ्या किती जणांना हे माहितीय देव जाणे. आपल्याकडं नोव्हेंबर २०२४ मध्ये मागं बसणाऱ्याचं चलन वेगळं करायचे आदेश निघाले तेव्हा केवढी ओरड झाली होती, आता मागच्याला कशाला म्हणून. मागच्याचं डोकं काय प्लास्टिकचं असतं का?

बायकांचंही सांगते. हेल्मेट घालायला लावलं की अंबाडा बसत नाही, गजरा चुरगळतो, हे मला ठाऊक आहे. अंबाडा सोडून मानेजवळ सैल वेणी घालायची, हेल्मेट नीट खाली बसतं. आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट लावायचा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी तेच उडतं. आपल्या मापाचं घ्यायचं, नवऱ्याचं जुनं नाही.

तिसरा मुद्दा कुणीच काढत नाही, इन्शुरन्सचा. गाडी जुनी झाली की सगळे फुल पॉलिसी सोडून नुसती थर्ड पार्टी काढतात, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी, स्वस्त पडते म्हणून. लोकांना वाटतं थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून सगळे. तसं नाही. नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत टू व्हीलरवर मागं बसलेला माणूस थर्ड पार्टीत धरला जात नाही, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला कव्हर आहे आणि बायकोला नाही! आणि ते १५ लाखांचं कंपल्सरी अपघाती कव्हर म्हणतात ना, ते ओनर-ड्रायव्हरचं, ज्याच्या नावावर गाडी त्याचं. मागच्यासाठी ते वेगळं सांगून घालून घ्यावं लागतं, फार पैसेही लागत नाहीत. आमच्या रिन्यूअलला मी एजंटला हे विचारलं तर तो ह्यांच्याकडं बघून हसत म्हणाला, वहिनींनी कुठं वाचलं हे. म्हटलं पॉलिसीवर वाचलं, तुम्हीच दिलीय. लग्नात दिलेलं स्त्रीधन जसं बायका कागदावर लिहून ठेवतात तसा हा कागद प्रत्येकीनं एकदा वाचावा, नवरा वाचत नाही, गॅरंटी.

आणि एक, गाडी दोघांची असते हे पुढच्याला पटायला वेळ लागतो. दोनशे किलोच्या गाडीवर मागं साठ किलो ठेवले की ब्रेक वेगळा लागतो, वळण वेगळं लागतं. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकी घाटातला जुना बोगदा सुटला की ते एस आकाराचं वळण आहे, तिथले अपघात तुम्हीच कितीदा छापलेत. तिथं मी मागून आधीच मांड्या आवळून धरते, पाय फूटरेस्टवर दाबते, म्हणजे ब्रेक लागला तरी घसरून ह्यांच्या पाठीवर आदळत नाही आणि दोघांची हेल्मेटं टकाटक वाजत नाहीत. वळणात ह्यांच्या ज्या खांद्याकडं गाडी झुकते त्या खांद्यावरून बघायचं, उलट्या बाजूला अंग टाकायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. रायडिंग जॅकेट कुठलं घ्यायचं यावर ह्यांच्या ग्रुपमध्ये रात्री बारापर्यंत मेसेज असतात, मागं कसं बसायचं यावर एकही आलेला बघितला नाही मी. त्यांची रविवारी पहाटेची मिसळ राईड असते, तेव्हा तर मागच्या सीटा रिकाम्याच असतात त्यामुळं प्रश्नच येत नाही.

तेव्हा "पोरं झाली की विका" हा सल्ला मला बिनकामाचा वाटतो. विकून तोच माणूस शंभर सीसीवर बायको आणि दोन पोरं घेऊन बिनहेल्मेटचा जात असेल तर त्यात जबाबदारी कुठं आली? त्यापेक्षा मोठ्या गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून गाडी घसरत नाही, लाईट चांगला आहे, आणि तिच्यावर दोघंच बसतात. आमच्या मुलीला अठरा पूर्ण झाली की विथ गिअरचं लायसन्स काढायचंय, तिला मी सांगितलंय आधी सहा महिने मागं बसायला शीक मग पुढं. चिडलीय, चिडू दे.

आता तुमच्याकडं एक मागणं. दरवर्षी गुढीपाडव्याला पहिल्या पानावर नऊवारी, फेटा, गॉगल घालून बुलेटवर बसलेल्या बायकांचा फोटो असतो. छान असतो, मी कापून ठेवलेत काही. शोभायात्रेत गाडी माणसाच्या चालीनं जाते, ढोल पुढं असतो, तिथं फेटाच पाहिजे, मी काही म्हणत नाही. पण आतल्या पानांवर दसऱ्याला नव्या गाडीच्या डिलिव्हरीचे फोटो येतात, गाडीला हार, पुढं टाकीवर पोरगं, मागं वहिनी, आणि हेल्मेट कुणाच्याच डोक्यात नाही, ते मात्र छापू नका. आणि पुढच्या वेळी बाईकवर पुरवणी काढाल तर दोन-चार मागच्या सीटवरच्यांना फोन करा, आम्हाला बोलायला आवडेल.

कळावे,
एक वाचक, सातारा
(नाव छापू नये, दीर तुमचाच पेपर वाचतो)