सावंतवाडीला एक रात्र थांबा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार

तुमच्या पेपरात सुट्ट्या जवळ आल्या की गोव्याचे बीच, गोव्याचे हॉटेल्स असं भरभरून येतं, पण वाटेतल्या गावांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. आम्ही मागच्या महिन्यात डोंबिवलीहून कारने गोव्याला निघालो होतो, मी, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. कुडाळ सोडलं तेव्हा अंधार पडत आलेला, पोरीला गाडी लागलेली, म्हणून झारापला बायपास न धरता डावीकडे सावंतवाडीत शिरलो. नाहीतर नवीन हायवे झाल्यापासून सगळे झारापवरून थेट गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवीच गाठतात आणि गाव बाजूलाच राहतं, आम्हीसुद्धा आधी तीनदा तसंच गेलोय.

लॉजच्या काकांना म्हटलं पहाटेच निघायचंय तर म्हणाले, "घाई कसली, सकाळी मोती तलाव बघा, राजवाडो बघा आणि मगे जावा." ऐकलं ते बरं झालं. रात्री जेवून तलावाच्या कडेने फिरलो, म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून गप्पा मारत होती, पाण्यात दिवे दिसत होते, पोरीची तब्येत तिथेच सुधारली. हा तलाव १८७४ सालचा, गावाच्या बरोबर मधे, आणि समोरच राजवाडा.

सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन राजवाड्यात गेलो, तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवत होते. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पत्ते असतात, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, त्यात एक राजा आणि एक प्रधान आणि बाकी एक ते दहा. खेळ दिवसा असला तर रामाच्या राजापासून सुरुवात आणि रात्री असला तर कृष्णाच्या, हे ऐकून पोरगी एवढी खूश झाली की तासभर हललीच नाही. एकेक पत्ता बारीक ब्रशने हाताने रंगवतात, त्यामुळे किंमत जास्त वाटते पण समोर बसून बघितलं की ती जास्त वाटत नाही. ही कला जवळजवळ बंद पडली होती, इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चितारी कारागिरांना हाताशी धरून ती परत उभी केली, हे मला ह्या वयात कळलं याचं वाईट वाटलं.

मग चितार आळीत गेलो. लाकडी फळं, भाजीपाला, भातुकली, पाट, सगळं तिथे मिळतं, आम्ही टोपलीभर लाकडी फळं घेतली, त्यातला फणस बघून बायकोला तिच्या आजीच्या घरातला शोकेस आठवला. एका दुकानदाराने सांगितलं की पूर्वी हायवे गावातून जायचा तेव्हा येता-जाता गाड्या थांबायच्या, आता जो मुद्दाम येईल तोच येतो. २०२४ मध्ये इथल्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण गिऱ्हाईक दारात आलं नाही तर कारागिराच्या मुलाने ब्रश का धरावा?

माझी मागणी अगदी साधी आहे. झारापच्या फाट्यावर आणि पलीकडे बांद्याच्या बाजूला, गंजिफाचं चित्र असलेला मोठा बोर्ड लावा, इथून गाव किती किलोमीटर आणि तिथे काय बघायचं एवढंच लिहा. गावाच्या नावाची पाटी दिसली मला, पण गंजिफाचा एक शब्दही कुठे दिसला नाही. संबंधित खात्यापर्यंत हे पोचावं म्हणून तुम्हाला लिहितोय. आणि वाचकांना विनंती, गोव्याची एक रात्र कमी करा आणि ती सावंतवाडीला द्या, सकाळी घाई करू नका, कारागिरांच्या समोर थोडा वेळ बसा.

आमच्याकडे आता रविवारी दुपारी गंजिफाचा डाव पडतो, आणि दिवसाचा असल्यामुळे राम पहिला.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली