‘माका नाका’ कुणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंदी गाण्यांवरच्या पाश्चात्त्य प्रभावाचा विषय निघाला की कुठली चाल कुठून उचलली याचीच जंत्री वाचायला मिळते. चाली उचलल्या गेल्या, हे खरेच. पण गोव्याहून मुंबईत येऊन ज्यांनी जॅझ आपल्या गाण्यांत मुरवले, त्या वादकांबद्दल दोन ओळीही नसतात, याचे वाईट वाटते.

माझी आजी पेडण्याची. रेडिओवर ‘ईना मीना डीका’ लागले की ‘माका नाका’ला ती हातातले काम टाकून हसायची. आम्हाला ते निरर्थक बोल वाटत. तिला मात्र कोकणीतले ‘मला नको’ स्वच्छ ऐकू येई. ते शब्द संगीतकार सी. रामचंद्र यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी सुचवले, असे मी खूप नंतर वाचले. आजी तेव्हा नव्हती.

सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांच्या जोडीला होते गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा ट्रंपेटवादक ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐकताना लता-चितळकरांचे गाणे क्षणभर बाजूला ठेवा आणि दोन ओळींच्या मधले संगीत ऐका. तिथे वाद्ये आपापसांत बोलतात.

हे आपोआप होत नसे. संगीतकार पेटीवर चाल बांधे. कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, ते अरेंजर स्वरलिपीत उतरवून देई. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच ही लिपी शिकलेले वादक समोर कागद आला की वाजवू लागत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबेस्टियन डिसोझांनी वर्षानुवर्षे हे काम केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातले नाव त्यांचे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

आपल्या पुरवणीत जुन्या गाण्यांविषयी छापताना गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे असतात. जिथे माहिती खात्रीची आहे तिथे अरेंजर आणि प्रमुख वादकांचीही नावे द्यावीत, ही कळकळीची विनंती. सुरुवात ‘अलबेला’पासून करता येईल.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)