तारण कृपेने, कर्माने नव्हे

महोदय,

रविवारची उपासना न चुकवणारे आमच्या मिरजेतील अनेक ख्रिस्ती जण ‘चांगले वागलो तर तारण (पापांपासून सुटका) मिळेल’ असे मनापासून मानतात, याचे मला दुःख होते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की तारण हे विश्वासाद्वारे कृपेने मिळणारे देवाचे दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांवर अवलंबून नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्या पापांचा दंड सोसला व तिसऱ्या दिवशी तो उठला, हाच या विश्वासाचा आधार. मग सत्कर्मे व्यर्थ का? मुळीच नाहीत. 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेली रुग्णसेवा मी तारणाचे मोल नव्हे, तर विश्वासाचे फळ मानतो. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही स्वतः पश्चात्ताप करावाच लागतो, हे पाळकांनी (चर्चच्या धर्मोपदेशकांनी) उपदेशात वारंवार सांगावे.

– मंडळीचा एक सभासद, मिरज (जि. सांगली)