ताट कितीला पडलं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, बघितला असाल. स्टेजवर अकरा माणसं, सगळ्यांना फेटे, पाच जणांच्या हातात काचेची मेमेंटो, मागं भला मोठा बॅनर, दातृ मेळावा आणि नागरी नेतृत्व पुरस्कार. त्या फोटोत मी नाही. मी डाव्या बाजूच्या पडद्याआड फेटेवाल्याला पिना देत उभा होतो. त्यामुळं लिहितोय ते ऐकीव नाही, आणि यातला थोडा दोष माझाही आहे हे आधीच कबूल करून टाकतो.

दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या माणसांची राहायची-जेवायची सोय करणाऱ्या त्या संस्थेचं नाव लिहीत नाही. एक तर मी तिथं अजून सेवेला जातो, मंगळवार आणि शुक्रवार, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की आपल्या बेळगावात लोक नावावरच भांडत बसतात, मूळ विषय बाजूला. काम चांगलं आहे यात शंकाच नाही. दवाखान्यात पेशंटला कॉट मिळते, खरं त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचं काय? कणकुंबी-जांबोटीकडची, चंदगडची, दोडामार्गची, इकडं गोकाक, सौंदत्ती, अथणीची माणसं पहिल्या गाडीनं येतात, डॉक्टर सांगतो ॲडमिट करा, आणि मग ती माणसं आठ-आठ दिवस व्हरांड्यात, जिन्याखाली, रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर. इंदिरा कँटीन आहे, २०१७ ला बेंगळुरात सुरू झालं तेव्हापासनं ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण ही सोय मोठीच आहे, खरं रात्री आयसीयूच्या दारातनं उठून कोण लांब जाणार, आणि जेवला तरी पाठ टेकायची कुठं? ही संस्था गादी देते, पहाटे आंघोळीला गरम पाणी देते, दोन वेळचं आमटी-भात, चपाती, भाजी देते. वाढताना एकाला "जेवलासा काय ओ" विचारायचं, दुसऱ्याला कानडीत "ऊटा आतेन्री", तिथं कोण मराठी-कानडी पाटीचा वाद काढत नाही, भूक लागलेली असते सगळ्यांना.

आता त्या दिवसाचं सांगतो. प्रोग्रॅम एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये होता. आम्हा सेवेकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की सगळ्यांनी पांढरा शर्ट घालून पाचला हॉलवर हजर राहावे. सगळे गेलो. किचनमधल्या दोन बायका तेवढ्या मागं राहिल्या आणि त्यांनाही कोणीतरी सांगितलं की आज लवकर आवरा, म्हणून त्यांनी सात वाजताच पंगत उरकून भांडी घासली. हॉलमध्ये पाहुण्यांची वाट बघण्यात पाऊण तास, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येक डोनरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग भाषणं. एका पाहुण्यांनी संस्थेचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. जेवण मात्र फर्स्ट क्लास होतं, पनीर, दोन गोड, वर कुंदा, खोटं कशाला बोलू, मीही खाल्लं.

जेवण भरपूर उरलं. खजिनदार म्हणाले टेम्पोत घालून संस्थेत नेऊया, लोकांना होईल. म्हणून साडेअकराला मी टेम्पोबरोबर गेलो, तर सगळी झोपलेली. जिन्याजवळ खानापूर भागातली एक वैनी बसून होती, मालकाला दुपारी ऑपरेशनला घेतलेलं, ती नऊला परत आली तर किचनला कुलूप. बिस्किटाचा पुडा पाण्यात बुडवून खाल्ला म्हणाली. मी म्हटलं पनीर आहे, गरम करून देतो. तर म्हणाली, "नको ओ मामा, आता काय खायाचं, मन न्हाई." सकाळी उघडलं तर भाजीला वास मारत होता, दोन मोठी पातेली ओतून टाकली. मी स्वतः ओतली.

मी प्रोग्रॅमच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. खजिनदारांशी मी बोललो, शांतपणे बोललो, ते काय चोर-बीर नाहीत, पेन्शनीत गेलेला सरळ माणूस आहे. त्यांचं म्हणणं असं की लोक दान स्टेजला देतात, भाताला देत नाहीत. फोटो पेपरात आला की तोच माणूस पुढच्या वर्षी दुप्पट देतो, मागच्या एका पुरस्कारवाल्याकडनं वर्षभर तेलाचे डबे येतायत. हे खोटं नाही, ते डबे मी उचललेत. हॉलच्या खर्चाचं विचारलं तर म्हणाले तो एकानं स्पॉन्सर केला, संस्थेचा एक रुपया गेला नाही. मग मी म्हटलं त्याच माणसाला गीझर मागायचा होता, दोन महिने झाले एक बंद पडलाय, पहाटे बायकांची लाइन लागते. त्यावर ते हसले, गीझरवर नाव कोण घालून घेतो म्हणे. आता हे काही मला पटलं नाही, देवळातल्या पंख्याच्या पात्यावर सुद्धा नाव घालून घेणारी माणसं आहेत आपल्याकडं, गीझर तरी दिसतो, पंखा फिरायला लागला की नाव वाचताच येत नाही!

माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिकडंही असं चालतं म्हणाला. आजारी पोरांच्या आई-बापांना दवाखान्याजवळ राहायला घर, ही पद्धत तिकडं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस या नावानं १९७४ ला फिलाडेल्फियात सुरू झाली आणि आता जगभर पसरली. अशा संस्था पैसे जमवायला मोठी जेवणं ठेवतात, त्याला गाला म्हणतात, तिकीट लावतात आणि शहरातल्या मोठ्या माणसांना अवॉर्ड देतात, म्हणजे आपली नक्कल तिकडनंच आलेली दिसते. खरं एक गोष्ट आपण आणली नाही. तिकडं ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात जेवण दिलं तर त्या जेवणाची अंदाजे किंमत संस्थेला लेखी द्यावी लागते, आणि टॅक्सची सवलत फक्त त्या किमतीच्या वरच्या रकमेवर. म्हणजे तिकीट २०० डॉलरचं आणि जेवण ६० चं असेल तर दान १४० च धरायचं. देणाऱ्याला तिथंच कळतं आपण किती दिलं आणि किती खाल्लं.

आपल्याकडं तिकीट नसतं, पास असतो, घरपोच येतो. दान आधीच दिलेलं असतं त्यामुळं जेवण फुकटचं वाटतं. पावती ८०जीची, म्हणजे टॅक्सच्या सवलतीची, त्यावर रक्कम, पॅन नंबर, सही-शिक्का. ताट कितीला पडलं, फेटा कितीचा, मेमेंटो कितीचं, हे कुठल्याच कागदावर नाही. स्पॉन्सरनं भरलं म्हणून ते पैसे आकाशातनं पडत नाहीत, ते याच गावातले, याच कामाच्या नावावर गोळा झालेले.

आणि ८०जीचीही एक गंमत बघा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, चेक किंवा ऑनलाइनच पाहिजे, ते ठीक आहे, हिशेब राहतो. खरं धान्य दिलं तरी सवलत नाही, पैसेच पाहिजेत. आमच्याकडं येळ्ळूर बाजूचे एक शेतकरी दरवर्षी सुगी झाली की बासमतीचं एक पोतं आणून टाकतात, बेळगावची ती जुनी वासाची बासमती, शिजली की जिन्यापर्यंत वास येतो. त्यांना टॅक्सची पावती लागत नाही आणि मिळतही नाही. डोनरच्या यादीत नाव नाही कारण यादी रकमेवर लावतात. मेळाव्याचा पासही त्यांना गेला नव्हता. कोणी मुद्दाम केलं नाही, कॉम्प्युटरमध्ये रकमेचा कॉलम रिकामा होता एवढंच.

पुरस्काराबद्दल दोन शब्द. पाच जणांपैकी तिघं तर त्याच वर्षाचे मोठे डोनर. पैसे देणं हे पुण्याचं काम आहे, त्यांना डोनर म्हणून हार घाला, मी स्वतः हार आणून देतो, खरं त्याला नागरी नेतृत्व म्हणू नका. नेतृत्व कशाला म्हणायचं ते त्या स्टेजवर एकीकडं दिसलं. पाचवा पुरस्कार एका रिटायर्ड सफाई मुकादम बाईंना होता. बेवारस प्रेतांना अग्नी मिळावा म्हणून त्या वर्षानुवर्षं दवाखाना ते सदाशिवनगर स्मशान अशा फेऱ्या मारत आल्या, हे मला त्या दिवशीच कळलं. त्यांचा नंबर आला तेव्हा साडेदहा वाजलेले, निम्मा हॉल जेवायला उठलेला, सूत्रसंचालकानं वेळेअभावी म्हणून त्यांचा परिचयही वाचला नाही. खाली उतरल्यावर ते काचेचं मेमेंटो दोन्ही हातांनी धरून त्यांनी मला विचारलं, "हे ठेवू कुठं रे बाळा? घरात एकच फळी हाय, तिच्यावर डबं हायत."

आपलं गाव पाहुणचाराला कमी कधीच नव्हतं. १९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था बघितली. एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठनं द्यायचं म्हणून विहीर खणली. २०२४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा गावभर लाइटिंग केलं होतं ते आता काढून नेलं, विहीर आहे तिथंच आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला एवढ्या धर्मशाळा बांधल्या, त्याही दुसऱ्यांसाठी. भावाला घेऊन मी मुंबईला टाटामध्ये गेलो होतो तेव्हा दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की परक्या गावात पाठ टेकायला मिळणं म्हणजे काय. रिटायर झाल्यावर मी सेवेला लागलो ते त्यामुळंच.

खजिनदारांना मी सुचवलंय की पुढचा मेळावा संस्थेतच घ्या, वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकून. डोनरांना पंगतीत बसवा, रोजची आमटी वाढा, हवं तर एक गोड करा, शेजारी पेशंटचा माणूस बसू दे. ते म्हणतात मोठे लोक खाली बसत नाहीत, गुडघे दुखतात. मग खुर्च्या टाका! गुडघे आमचेही दुखतात. तोपर्यंत निदान दारातल्या फळ्यावर खडूनं लिहा, मेळाव्यात आले किती, मेळाव्याला गेले किती, स्पॉन्सरचे धरून, आणि उरलेल्यात किती दिवसांचा भात निघतो. यावर कमिटीत विचार करू म्हणालेत. बघू.

खरं संपादक साहेब, माझी खरी मागणी तुमच्याकडं आहे, त्यासाठीच एवढं लांबवलं. हे सगळं तुमच्या फोटोसाठी चालतं. फोटो छापू नका असं म्हणत नाही, गावातली माणसं दिसली पाहिजेत पेपरात. फक्त कुठल्याही संस्थेकडनं अशा प्रोग्रॅमची बातमी आली की एवढंच विचारा, खर्च किती आला आणि ताट कितीला पडलं. सांगितलं तर फोटोखाली एक ओळ छापा. नाही सांगितलं तर तेही छापा, "खर्च कळवला नाही" एवढे तीन शब्द. जागा किती लागते त्याला? अकरा माणसांची नावं हुद्द्यासकट बसतात की त्याच चौकटीत.

आणि एकदा येऊन जावा. मंगळवारी मी असतो, साडेसातला पंगत बसते. फोटोग्राफर नको, तुम्ही एकटेच या, ताट मात्र आपलं आपण धुवायचं असतं, नळाला लाइन असते. वैनीच्या मालकाला परवा डिस्चार्ज मिळाला, जाताना ती किचनमध्ये शेंगांची पिशवी ठेवून गेली, यादीत तिचंही नाव यायचं नाही.

आपला एक वाचक आणि सेवेकरी,
शहापूर, बेळगाव