रविवारी कणकुंबीला या

चोर्ला, शुक्रवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दिवसभर फोन लागला नाही म्हणून आई काळजीत असणार. आम्ही चौघंही सुखरूप पोचलोय. गावातल्या एका मावशींनी चुलीपुढं बसवून गरम पेज वाढली आणि झोपायला ओसरी दिली. बाबा, ‘बरी आहे’ एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही, म्हणून सगळं लिहिते. आजच्या दिवसानं जीव काढला.

सकाळी तंबू गुंडाळला तो ओलाच. एरवी 12 किलोची सॅक त्यानं आणखी जड झाली. कमरेचा पट्टा आवळला की वजन खांद्यावरून कमरेवर येतं, पण आज पट्ट्याखालचं कातडंच सोलून निघालं. वाट छातीभर गवतात बुडालेली. चिखलात गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे होते, त्यामुळं मोठ्यानं बोलत चाललो.

दुपारी सड्यावर आलो. नुसता जांभा कातळ, आडोसा कसला तो नाही. बघता बघता काळं झालं. वीज दिसल्यावर आठ सेकंद मोजतोय तोच गडगडाट, म्हणजे ती तीन किलोमीटरच्याही आत. कडेला एकच जांभळीचं झाड होतं आणि पाय तिकडंच ओढत होते. पण एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. धातूच्या काठ्या लांब टाकल्या आणि सखल जागा बघून, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसलो. आई, मला भीती वाटली. समोरच्या खळग्यात सीतेची आसवं फुलली होती. थेंब पडला की ते निळं फूल मान टाकायचं आणि परत उभं राहायचं. सगळा वेळ मी त्या एका फुलाकडं बघत बसले.

पाऊस ओसरला तेव्हा आमच्यातली एकजण थडथड कापत होती. तिचे ओले कपडे बदलून तिला कोरडे घातले, तुझे शेंगदाण्याचे लाडू खायला लावले, मगच खाली उतरलो. तुझे लाडू आज खरंच कामी आले.

‘आता पुरे, घरी ये’ असं म्हणू नका. मला पुढं जायचंय. या माथ्यावरचं पाणी पश्चिमेला वळलं की म्हादईतून अरबी समुद्राला मिळतं आणि पूर्वेला वळलं की मलप्रभेतून कृष्णेत जातं. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना नविलुतीर्थाचं धरण तू किती वेळा बघितलंयस, आई. त्याच मलप्रभेचा उगम कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी आहे. आपण आयुष्यभर बेळगावात राहिलो, पण तिघांनी मिळून तिथं कधी गेलो नाही. बाबांचा गुडघा आता कुरकुरतो, म्हणून हे पुढच्या वर्षावर ढकलावंसं मला वाटत नाही.

आम्ही उद्या कणकुंबीला पोचतो आणि रविवारी मुक्काम तिथंच आहे. जांबोटीवरून चोर्ल्याकडं जाणारी बस धरा. बाबा, गुडघ्याला पट्टा बांधून या, पुढची सीट घ्या आणि उतरताना घाई करू नका. आई, माझ्या कपाटातले लोकरीचे मोज्यांचे दोन जोड आण, शिवाय टाचेला लावायची चिकटपट्टी. जेवण करून आणायच्या भानगडीत पडू नकोस. लाडू मात्र आण, चौघांना पुरतील एवढे.

तुमची,
बाळी